मिरजगावहून येणारा डबा

मालनबाईंच्या डब्याची गोष्ट मिरजगावात सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी फक्त मालनबाईंना आणि त्यांच्या अमृतला ठाऊक आहे, आणि ती दोघं मेली तरी कुणाला सांगायची नाहीत. तेव्हा ते काम आपल्यालाच करावं लागणार.

नगरच्या माळीवाडा स्टँडवर सकाळी जाऊन उभे राहा. पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, पण पोरांच्या तोंडात अजून नगरच आहे. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, कुठकुठल्या गाड्या आत शिरतात आणि प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर, डब्यांची दाटी झालेली असते. गावाकडच्या आया पहाटे भाकरी थापतात, डबा पिशवीत घालतात, पिशवीवर चिकटपट्टी लावून पोराचं नाव लिहितात आणि फाट्यावर उभं राहून गाडीत देतात. शिकायला आलेली पोरं स्टँडवर वाट बघत असतात. ड्रायव्हर खिडकीतून नावं पुकारतो, पोरं हात वर करतात, आणि दुपारनंतर धुतलेले रिकामे डबे त्याच गाडीने परत जातात. नगर शहरात निम्मी पदवी या डब्यांवर मिळते म्हटलं तरी चालेल.

अमृत हा गहिनीनाथ आणि मालनबाईंचा थोरला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला नगरला आला तेव्हा मालनबाईंनी एकच अट घातली होती. मेसचं खायचं नाही, सोडा घालतात. मिरजगावच्या गाडीवर भागवतमामा ड्रायव्हर होते. त्यांनी डबा न्यायचं कबूल केलं आणि मालनबाईंचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या आठवड्यातच माशी शिंकली. दुपारी वर्गातली मुलं प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत गोल करून जेवायला बसायची. अमृतने डबा उघडला, तर आत शेंगोळे. हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवलेली. वासाने खोली भरून गेली. डब्याला गुंडाळलेला फडका मालनबाईंच्या जुन्या लुगड्याचा होता, हिरवा, आणि त्यावर तेलाचा डाग. समोर बसलेला हर्षल सहज म्हणाला, “हे काय रे, इंजिनावरच शिजत आलंय का?”

सगळे हसले. त्या हसण्यात काही विष नव्हतं. नगरच्याच सावेडी भागातली पूजा तर चमचा पुढे करून म्हणत होती, “मला दे ना थोडं, मी कधी खाल्लं नाही.” पण तोवर अमृतने झाकण लावलं होतं. कान तापले होते. पोट बिघडलंय असं काहीतरी पुटपुटून तो उठला. कुणी त्याला हाकललं नव्हतं, कुणी नाक मुरडलं नव्हतं. लाज त्याची त्यानेच आणली होती, गावाहून येताना बरोबर बांधून. दुसऱ्या दिवसापासून अमृतराव हर्षलबरोबर मेसला जाऊ लागले. त्या पैशांसाठी संध्याकाळी दोन शिकवण्या धरल्या.

राहिला प्रश्न डब्याचा. आईला नको म्हणून सांगण्याची छाती नव्हती. मेसच्या पहिल्या दिवशी तो डबा घेऊन खोलीवर निघाला तो कुत्र्याला घालायचा असं मनात धरूनच. खोली बुरूडगाव रोडला, मार्थाबाईंच्या घराच्या गच्चीवर. मार्थाबाई मिशनच्या बालवाडीत बाई होत्या, आता निवृत्त. यजमान जॉनसाहेब जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी प्रार्थना पुण्यात नोकरीला. घरात त्या, एक रेडिओ आणि अंगणात पेरूचं झाड.

“काय रे, जेवलास का?” पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, आणि त्यांची नजर पिशवीवर गेली.

अमृतच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याचं त्यालाही नवल वाटलं. “मावशी, हे आईनं तुमच्यासाठी पाठवलंय.”

“माझ्यासाठी?”

“हो. तुम्ही एकट्या असता ना. मी सांगितलं होतं तिला.”

खोटं बोलणाऱ्याला खोटं किती सुंदर सुचतं बघा! मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. हात पदराला पुसले, आणि डबा दोन्ही हातांनी घेतला. अमृतला वाटलं, सुटलो. एक दिवस भागला.

पण दुसऱ्या दिवशी डबा आलाच. तिसऱ्या दिवशीही आला. मार्थाबाई पायरीवर बसून वाट बघायला लागल्या आणि अमृत स्टँडवरून डबा आणून त्यांच्या हातात द्यायला लागला. देताना चेहरा असा करायचा की जणू मोठं पुण्यकर्म चाललंय.

मार्थाबाईंना त्यांच्या आईने एक वळण लावलं होतं. कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. हे वळण आपल्याकडे घरोघरी आहे, पण अमृतच्या ते ध्यानातच आलं नाही. मार्थाबाईंनी डबा घासून पुसून पिशवीत घालून दिला, त्याने न उघडता तो गाडीत ठेवला, आणि संध्याकाळी आईचा फोन आला.

“आरं, पेरू कशाला धाडलं?”

“पेरू?”

“डब्यात. लई ग्वाड हायेत. तुझ्या आजीला कापून दिलं. म्हनली, पोरगं शिकून शानं झालं गं, रिकामा डबा न्हाई धाडला त्यानं.”

तोंड उघडायची ती वेळ होती. “आई, ते मी नाही ठेवले,” एवढंच म्हणायचं होतं. अमृत म्हणाला, “असंच. बाजारात दिसले.”

मग ते सुरूच झालं. कधी शेंगदाण्याची चिक्की, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी वर चारोळी लावलेल्या नानकटाया. नानकटाया मार्थाबाई घरीच करायच्या. मिरजगावात मालनबाई प्रत्येक वस्तू आधी देवापुढे ठेवायच्या, मग गल्लीत वाटायच्या, आणि वाटताना अमृतचं पुराण लावायच्या. बचत गटाच्या बैठकीत त्याचं नाव निघालं. भागवतमामा स्टँडवर बाकीच्या पोरांना ऐकवायचे, “शिका काहीतरी ह्या अमृतकडून. तुमचं डबं नुसतं वाजत जात्यात.” पोरं अमृतकडे बघायची आणि अमृत बुटांकडे बघायचा.

नाताळात डब्यात करंज्या आणि केकचा तुकडा गेला. आईने फोनवर सांगितलं, देवाला दाखवून सगळ्यांनी खाल्लं, आजीने तर दोनदा मागून घेतलं. अमृतने फोन लवकर ठेवला. त्याच्या घरात बाहेरचं चालायचं, पण कुणाचं चालायचं आणि कुणाचं नाही हे न बोलता ठरलेलं होतं. गावाबाहेरच्या वस्तीवरचं त्यांच्या चुलीपर्यंत कधी आलं नव्हतं, आणि तिथले जे मिशनकडे गेले त्यांचंही नाही. धर्म बदलला तरी गावाच्या लेखी ते तिथलेच. हाच अमृत कॉलेजच्या शिबिरात समतेवर भाषण ठोकून बक्षीस घेऊन आला होता. आणि आता तो विचार करत होता, की आईला कळलं तर ती काय म्हणेल. त्याला आईची भीती वाटत होती, आणि आईची भीती वाटते याची लाज वाटत होती. रोज झोपताना ठरवायचा, उद्या सांगून टाकू. उद्या उजाडला की मेसला जायचा.

एकदा तर मार्थाबाईंनीच त्याला बसवून घेतलं. “अमृत, तुझी आई मोठ्या मनाची बाई आहे बघ. माझं लहानपण बेलापूरला गेलं. शाळेतल्या मैत्रिणी खेळायला यायच्या, पण आमच्या घरी पाणी प्यायच्या नाहीत. सणाला त्यांच्या दारात गेलं की त्यांच्या आया ओंजळीत वरून फराळ टाकायच्या. डबा भरून, फडक्यात बांधून, माझ्या नावानं कुणी कधी पाठवला नाही. या वयात मला तो मिळाला. मी रोज प्रार्थनेत तुझ्या आईचं नाव घेते.”

अमृतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुत्र्याला घालायला निघालेला डबा त्याच्या डोळ्यांपुढे आला. आता खरं सांगायचं तर या बाईंच्या तोंडचाच घास काढून घ्यायचा. तो मान खाली घालून जिना चढून गेला.

आणि मग एका सकाळी फोन आला. “मी गाडीत बसलीय. डोळ्याला लई पानी येतंय, दवाखान्यात दाखवायचं हाय. डबा माझ्या मांडीवरच हाय.”

स्टँडवर जाईपर्यंत अमृतने शंभर बेत केले आणि शंभर मोडले. मार्थाबाईंना काय सांगायचं? काही बोलू नका म्हणावं तर का? आईला घेऊन तो थेट सरकारी दवाखान्यात गेला. तिथे रांग होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला रांग आवडली. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आई, दुपारची गाडी आहे. उन्हात कशाला थांबतेस?”

“तुझी खोली बघितल्याबिगार जाती व्हय मी?”

“वर चढायला जिना उंच आहे.”

“मी काय म्हातारी झाली का? चल म्हुरं.”

मार्थाबाई पायरीवरच होत्या. अमृतच्या मागून हिरवं लुगडं नेसलेली बाई येताना दिसली, हातात तीच पिशवी आणि तिच्यातून डोकावणारा फडका दिसला, आणि त्या लगबगीने फाटकापर्यंत आल्या. “मालनबाई ना? मी ओळखलं. हा फडका वर्षभर रोज हातात येतो माझ्या.” त्यांनी मालनबाईंचे दोन्ही हात धरले. “रोज तुमच्या हातचं खाते मी. तुम्ही मला कधी बघितलं नाही, माझी ना ओळख ना पाळख, तरी रोज पहाटे उठून माझ्यासाठी पाठवता. कसे उपकार फेडू तुमचे?”

अमृत फाटकाला धरून उभा राहिला.

मालनबाईंनी मार्थाबाईंकडे बघितलं. मग वळून लेकाकडे बघितलं. ती नजर काही फार वेळ टिकली नाही, पण तेवढ्यात वर्षभराचं सगळं तिच्यातून जाऊन आलं. पहाटेची चूल, पेरू, नानकटाया, गल्लीत वाटलेलं पुराण. अमृतला वाटलं, आता बोलेल. बोलली तर बरंच होईल, असंही वाटलं.

मालनबाईंनी पदर सारखा केला. “उपकार कसलं ओ बाई,” त्या म्हणाल्या. “ह्यो म्हनला, घरमालकीन एकट्याच राहत्यात. म्हनलं, थापायच्याच हायेत तर दोन जास्तीच्या थापू. तुमी तरी डबा रिकामा कुटं धाडला?”

“नानकटाई आवडली का?”

“लई. सासूबाई तर माझ्या वाटनीची पन खात्यात.”

दोघी पायरीवर बसल्या. चहा आला, बशीत नानकटाया आल्या, वर चारोळी. मालनबाईंची नजर दारावरच्या क्रुसावरून फिरून आली, त्यांनी एक उचलली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ती चहात बुडवली, खाल्ली, आणि दुसरी उचलली. जाताना डबा स्वतःच्या हाताने मार्थाबाईंना दिला. “शेंगोळं हायेत. गरम करून खावा.”

“तुमचे शेंगोळे म्हणजे!” मार्थाबाई म्हणाल्या. “तसे मी कुठं खाल्ले नाहीत.”

स्टँडकडे जाताना अमृतने “आई” म्हणून सुरुवात केली की मालनबाई पावलं भरभर उचलायच्या. शेवटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “तू जेवतूस कुटं?”

“मेसला.”

“कवापासनं?”

“पहिल्यापासून.”

“का रं?”

त्याला थातुरमातुर सांगता आलं असतं. वर्षभराची सवय होती. पण तो बुटांकडे बघत राहिला. मालनबाईंनीच विचारलं, “लाज वाटली व्हय तुला?”

“हो.”

“कशाची? डब्याची का माझी?”

या प्रश्नाला अमृतकडे उत्तर होतं, म्हणूनच ते त्याला देता आलं नाही. तो बाकाच्या फळीला नख लावत बसला. मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं की दुसरं कसलं, हे विचारायचा हक्क त्याने घालवला होता.

“आई, तो खाऊ… मार्थामावशींच्या घरचा… तू देवापुढं ठेवलास…”

“ठिवलं. देव काय बोलला न्हाई. मग मी काय बोलू?” त्यांनी पदराने डोळे टिपले. “तुझ्या आजीला मातर सांगू नगंस. ती हाय तवर न्हाई. आन त्या बाईला तर कदीच न्हाई. तुझं पाप हाय, तू वागव. तिच्या अंगावर टाकू नगंस.”

भागवतमामांनी गाडी लावली. मालनबाई चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि गाडी सुटताना एवढंच म्हणाल्या, “उद्यापासनं डबा त्यांच्याच नावानं यील. तुझं काम आनून द्यायचं.”

आणि तसंच झालं. सकाळी स्टँडवर पोरांच्या घोळक्यात भागवतमामांनी खिडकीतून डोकं काढून पुकारलं, “कोन हाय रं, मार्थाबाई?” पोरं फिदीफिदी हसली. अमृतने हात वर केला. चिकटपट्टीवर धाकट्या बहिणीच्या अक्षरात ते नाव होतं, आणि अमृतचं नाव कुठेच नव्हतं. एवढे दिवस जो डबा नको होता, तो आता खरोखरच आपला नाही हे त्याला तेव्हा कळलं, आणि गंमत बघा, नेमक्या त्याच दिवशी त्याला आईच्या हातच्या भाकरीची भूक लागली.

काही दिवस तो ती भूक मेसच्या पोळीने मारत राहिला. मग एका रविवारी मेस बंद होती. मार्थाबाई चर्चहून आल्या, डबा उघडून ताट वाढून घेतलं, आणि तो दारात घुटमळत होता.

“मावशी,” तो म्हणाला, “मला द्याल का एक भाकरी?”

“अरे!” मार्थाबाई हसल्या. “तुझ्याच आईच्या हातची, आणि मागतोस काय असा? बस.” त्यांनी दुसरं ताट घेतलं, अर्धे शेंगोळे त्याच्या ताटात वाढले. “तू बरा एवढे दिवस मला एकटीला खाऊ घातलंस. मी म्हणायची, या मुलाला घरच्या जेवणाची आठवण येत नाही का?”

त्याने भाकरी मोडली. थंड होती, कडा जरा कडक झाल्या होत्या, आणि ती होती तशीच होती, मिरजगावच्या चुलीवरची. तो हळूहळू चावत राहिला. मार्थाबाई त्याला पाणी पुढे करत होत्या आणि आईची खुशाली विचारत होत्या.

जेवण झाल्यावर त्याने डबा स्वतः घासला. मार्थाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, “आज माझ्याकडं काही नाही बघ. पेरू संपले, पीठ आणायचंय. आज तू घाल काहीतरी. आईला बरं वाटेल.”

अमृत वर गेला. खोलीभर बघितलं. पुस्तकं, प्रयोगाच्या वह्या, खुंटीवर शर्ट, हर्षलने दिलेलं अर्धं बिस्किटाचं पाकीट. बाजारातून पेढे आणून भरता आले असते, काही अवघड नव्हतं. तो खिशातल्या पैशांच्या पाकिटाला हात लावून जरा वेळ उभा राहिला. मग डबा तसाच पिशवीत घातला, लुगड्याच्या फडक्याला गाठ मारली आणि स्टँडवर गेला.

भागवतमामांनी डबा उचलला आणि कानाशी हलवला. “आज काय न्हाई व्हय ह्यात? इसरला का?”

डबे द्यायला आलेली पोरं वळून बघायला लागली. अमृत नगरला आल्यापासून शहरातल्यासारखं बोलायचा, वर्गात, मेसमध्ये, स्टँडवरसुद्धा. त्या दिवशी तो बोलला ते घरच्यासारखं.

“इसरलो न्हाई मामा. रिकामाच हाय. आईला सांगा, आजचा डबा अमृतनं धाडलाय.”